तेल लावणारीच्या खांद्यांना तेल कोण लावणार?

ओझरच्या आजूबाजूला द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी झाली, की बायकांचे हात वर जातात ते माल निघेपर्यंत. फुटवे काढायचे, घडांची विरळणी करायची, जीएच्या द्रावणात घड बुडवायचे, शेवटी काढणी. बहुतेक काम मांडवाखाली, मान मागे टाकून, हात खांद्याच्या वर धरून. त्यात गावातल्या बायका असतात, तशाच पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मजूर बायकाही. संध्याकाळी सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच, 'मान धरलीय, खांदे भरून आलेत.' एचएएलच्या वसाहतीत दिवसभर संगणकासमोर किंवा शिलाई मशीनवर बसणारीचंही तेच.

असं का होतं? स्नायू बराच वेळ आवळलेलाच राहिला, की त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त कमी पोचतं, स्नायू थकतो आणि दुखू लागतो. दुखलं की आपण खांदे आणखी आखडून घेतो. मालिशनं हे चक्र थोडा वेळ तरी तुटतं. हाताच्या दाबानं दुखण्याची जाणीव कमी होते, मन शांत होतं, स्नायू सैल पडतो. 'मालिशनं लॅक्टिक आम्ल निघून जातं' हे मात्र खरं नाही. काम थांबल्यावर तास-दीड तासात शरीरच त्याची विल्हेवाट लावतं.

पद्धत अगदी सोपी आहे. बागेतून आल्यावर आधी साबणानं हात-मान स्वच्छ धुवा, फवारणीचा अंश अंगावर असू शकतो. मग कोमट खोबरेल किंवा तिळाचं तेल घ्या. आधी मानेपासून खांद्यापर्यंत हलक्या हातानं चोळा. मग कणीक तिंबतो तसा मान आणि खांद्यामधला मांसल भाग मुठीत धरून मळा. गाठ लागली तर अंगठ्यानं वीस-तीस सेकंद बेतानं दाबून सोडा. 'जितकं दुखेल तितकं बरं' असं काही नसतं. मणक्याच्या हाडावर आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला दाब देऊ नका. शेवटी गरम पाण्याच्या पिशवीनं शेका. दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

पण ही दहा मिनिटं बाईला देणार कोण? वाग्भटांच्या 'अष्टांगहृदया'त अभ्यंग हा रोजच्या दिनचर्येचा भाग आहे. आपल्या घरांत मात्र बाईच्या वाट्याला तो येतो बाळंतपणातल्या सव्वा महिन्यापुरता. नंतर बाळाला तीच चोळते, सासूबाईंचे पाय तीच चेपते, दिवाळीच्या पहाटे घरादाराला तेल तीच लावते. तिच्या पाठीला हात लागत नाही, कारण तिनं मागितलेलं नसतं. मैत्रिणींनो, मागा. नवऱ्याला सांगा, मुलाला शिकवा, शेजारणीशी आलटूनपालटून करा. यात लाजायचं काय?

आणि बागायतदार बंधूंनो, तुम्हालाही सांगणं आहे. रोज तेच काम तसंच होत राहिलं, तर रात्रीचं तेल सकाळपर्यंतच टिकणार. दर तासाला पाच मिनिटं हात खाली सोडू द्या, ठेंगण्या बाईला उभं राहायला पक्कं स्टूल द्या, हात वर आणि हात खाली अशी कामं आलटूनपालटून द्या. त्यानं बाग मागे पडणार नाही.

एक मात्र विसरू नका. हाताला मुंग्या येत असतील, पकड सुटत असेल, ताप असेल किंवा मार लागला असेल, तर मालिश करू नका, डॉक्टरांना दाखवा. एकच पोटरी सुजून दुखत असेल, विशेषतः बाळंतपणानंतर, तर ती चोळू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते. खांदा, जबडा किंवा पाठ दुखताना घाम फुटला, दम लागला, तर ते हृदयाचं दुखणं असू शकतं. तेव्हा तेलाची वाटी बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा.

बाकीच्या दिवशी ती वाटी हक्कानं पुढे करा.