विश्लेषण : अन्याय झाला तर ख्रिस्ती माणसाने गप्प बसायचे का? ‘दुसरा गाल’ आणि कायदा काय सांगतात?

११ जुलै २०२५ रोजी मुंबईच्या आझाद मैदानावर ख्रिस्ती समाजाने आंदोलन केले. अशा वेळी एक प्रश्न हमखास विचारला जातो. बाहेरून तो टोमणा म्हणून येतो, तर चर्चच्या आत मनापासून विचारला जातो. एका गालावर मारले तर दुसरा पुढे करण्याची शिकवण असलेल्यांनी मैदानात का उतरावे? पोलिसांकडे का जावे? क्षमा करायची की तक्रार?

आंदोलन कशावरून झाले?

सांगलीत एका विवाहितेने आत्महत्या केली. सासरच्यांनी धर्मांतरासाठी दबाव आणल्याचा आरोप झाला. त्यानंतर जून २०२५ मध्ये भाजपचे आमदार गोपीचंद पडळकर यांनी धर्मांतर करणाऱ्या पाद्र्यांना मारणाऱ्यांसाठी लाखोंच्या बक्षिसांची भाषा केली. आंदोलकांची मागणी त्यांच्यावर कारवाईची होती. २०११च्या जनगणनेनुसार राज्यात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात एकाहूनही कमी. इतक्या लहान समाजाला असे वक्तव्य भाषणापुरते वाटत नाही. पुढच्या रविवारी प्रार्थनेला जायचे की नाही, इथपर्यंत ते येऊन पोहोचते.

‘दुसरा गाल’ म्हणजे नेमके काय?

मत्तयच्या शुभवर्तमानातील ही शिकवण सूड घेण्याबद्दल आहे. तुमच्यावर हात उगारला म्हणून तुम्ही हात उगारू नका, असा तिचा रोख आहे. त्यात उजव्या गालाचा उल्लेख आहे. समोरच्याने उजव्या हाताने उजव्या गालावर मारायचे तर हाताची मागची बाजूच लागते. म्हणून ही थप्पड इजा करण्यापेक्षा अपमान करणारी आहे, असे काही अभ्यासक सांगतात. मग दुसरा गाल पुढे करणे म्हणजे शरण जाणे नव्हे. अपमानाने मी खचलो नाही आणि तुझ्यासारखा वागणारही नाही, असे सांगणे आहे.

खुद्द येशूचे वागणेही हेच दाखवते. योहानाच्या शुभवर्तमानात चौकशी सुरू असताना एक शिपाई येशूला थप्पड मारतो. येशू उलट मारत नाही, पण गप्पही बसत नाही. मी चुकीचे बोललो असेन तर दाखव, बरोबर बोललो असेन तर का मारलेस, असा जाब तो विचारतो.

पौलाने काय केले?

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पौल आणि सीला यांना फिलिप्पै शहरात चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकल्याची हकिकत आहे. दुसऱ्या दिवशी अधिकारी त्यांना गुपचूप सोडायला निघतात. पौल नकार देतो. आम्ही रोमी नागरिक आहोत, आम्हाला उघड मारले, आता अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन बाहेर न्यावे, असे तो बजावतो. पुढे आपला खटला तो थेट कैसरापुढे नेतो.

हाच पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात सूड घेऊ नका, असे सांगतो. लगेच पुढे तो गुन्हेगाराला शासन करणे हे राज्यव्यवस्थेचे काम असल्याचेही लिहितो. दोन्ही एकत्र वाचले तर अर्थ सरळ आहे. सूड वर्ज्य आहे, दाद मागणे नाही.

क्षमा केली तर खटल्याचे काय?

भारतातील याचे सर्वांत ठळक उदाहरण ग्लॅडिस स्टेन्स यांचे. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे त्यांचे पती ग्रॅहॅम स्टेन्स आणि फिलिप व टिमोथी ही दोन लहान मुले यांना गाडीत झोपलेले असताना जाळून मारण्यात आले. ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले. कुष्ठरुग्णांची सेवा करत त्या आणखी काही वर्षे भारतातच राहिल्या. २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पण त्या क्षमेमुळे खटला थांबला नाही. मुख्य आरोपी दारा सिंगची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केली. क्षमा हा पीडिताच्या मनाचा निर्णय असतो. असा गुन्हा मात्र कायद्याच्या नजरेत समाजाविरुद्धचा असतो, म्हणून खटला सरकार चालवते. त्यामुळे क्षमा केली म्हणून साक्ष द्यायची नाही, हे ओघाने येत नाही.

न्याय मिळालाच नाही तर?

जेझुइट धर्मगुरू स्टॅन स्वामी यांना एल्गार परिषद प्रकरणात ८ ऑक्टोबर २०२० रोजी अटक झाली. त्यांनी आरोप नाकारले. तळोजा तुरुंगात असताना पार्किन्सन्समुळे पाणी पिण्यासाठी सिपर आणि स्ट्रॉ मिळावा म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. जामिनाची सुनावणी प्रलंबित असतानाच ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४व्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले. खटला सुरूही झाला नव्हता. तुरुंगातून लिहिलेल्या पत्रांत त्यांनी गरीब कच्च्या कैद्यांची अवस्था मांडली. त्यांच्या मृत्यूनंतरही त्यांचे नाव निष्कलंक व्हावे म्हणून उच्च न्यायालयात लढा सुरू राहिला.

काही अन्याय तर पोलिसांत नेताच येत नाहीत. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचे पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि घर दुभंगले. पुढे लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी ताटातूट, राग, लोकांचे बोलणे असे सगळे सांगितले. काही लपवले नाही आणि कुणावर सूडही उगवला नाही.

इगतपुरीत असे घडले तर काय करायचे?

समजा, इगतपुरीत किंवा घोटीत एखाद्या घरी चाललेली प्रार्थना जमावाने बंद पाडली. अशा वेळी:

• हातघाईवर येऊ नका. ११२ वर फोन करा. लहान मुले आणि वृद्ध यांना आधी सुरक्षित जागी न्या.

• कायदेशीरपणे जमलेल्या धार्मिक सभेत मुद्दाम व्यत्यय आणणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०० नुसार गुन्हा आहे. उपासनास्थळाची विटंबना कलम २९८ मध्ये, तर धर्माच्या आधारे वैर वाढवणे कलम १९६ मध्ये येते.

• पोलीस ठाण्याने तक्रार घेतली नाही, तर लेखी तक्रार नाशिक ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. तिथेही काही झाले नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. ही सोय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. राज्य अल्पसंख्याक आयोगाकडेही दाद मागता येते.

• व्हिडिओ असेल तर मूळ फाइल आणि ज्या मोबाइलवर तो काढला तो जपून ठेवा. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते. संगीत, मथळे टाकून फिरवलेल्या क्लिपने राग वाढतो, पुरावा मात्र कमकुवत होतो.

द्वेषपूर्ण भाषणाबाबत २८ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना आदेश दिला होता की, बोलणारा कोणत्याही धर्माचा असो, तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवावा. म्हणजे अशी कारवाई मागणे ही खास सवलतीची मागणी नाही.

आणि चूक आपल्याच माणसाची असेल तर?

हा भाग सर्वांत अवघड आहे. राज्यघटनेचे कलम २५ धर्माचा प्रचार करण्याचा हक्क देते. पण दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये रेव्ह. स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले. कुणावर जबरदस्ती झाली असेल तर तोही अन्यायच आहे.

म्हणून पाद्र्यांना मारण्याच्या भाषेचा निषेध करताना सांगलीतील त्या विवाहितेच्या मृत्यूचा नि:पक्ष तपास मागणेही ख्रिस्ती समाजाचेच काम ठरते. आरोप सिद्ध होणे वा न होणे न्यायालयावर सोडता येते, तिच्या मृत्यूबद्दलचे मौन मात्र सोडायला हवे. स्वतःसाठी जाब विचारायचा आणि दुसऱ्याच्या लेकीच्या वेळी क्षमेची आठवण काढायची, याला पौलाच्या वागण्यात आधार सापडत नाही.