हातमोजा कुणी घालायचा?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आम्ही चौघांनी एक हातमोजा बनवला होता. बोटांवर सेन्सर, मनगटावर सर्किट. ठरावीक खूण केली की स्पीकरमधून शब्द ऐकू यायचा. परीक्षकांनी पाठ थोपटली. मी तो मोठ्या उत्साहाने माझ्या कर्णबधिर मामेबहिणीला दाखवला. तिने कागदावर लिहिलं, "यातून मला काय कळणार?"

उत्तर होतं, काहीच नाही. तो मोजा आमच्या सोयीसाठी होता. घालायचा मात्र तिने.

मुळात आम्ही भाषा पकडलीच नव्हती. भारतीय सांकेतिक भाषेचं व्याकरण फक्त बोटांत नसतं. त्याच खुणा भुवया उंचावून केल्या की विधानाचा प्रश्न होतो. भुवई मोज्याला कशी दिसणार? अमेरिकेत 2016 मध्ये अशाच एका मोज्याला मोठं पारितोषिक मिळालं, तेव्हाही भाषातज्ज्ञांनी हाच आक्षेप घेतला होता.

कर्णबधिरांनी आपल्यासारखं व्हावं, हा हट्ट जुनाच आहे. 1880 मध्ये मिलान इथल्या परिषदेत बहुतेक ऐकू येणाऱ्या शिक्षकांनीच ठराव केला की, मुलांना बोलायला शिकवा, खुणा नकोत. शंभर वर्षांनंतरही माझ्या बहिणीने वर्गात खुणा केल्या म्हणून हातावर पट्टी खाल्ली आहे.

आता "सोय कुठे आहे?" ही सबब चालणार नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सांकेतिक भाषेला संवादाचं माध्यम मानलं आहे. दिल्लीच्या सरकारी संशोधन केंद्राचा 10,000 शब्दांचा कोश 2021 पासून इंटरनेटवर मोफत आहे. 2011 च्या जनगणनेत श्रवणदोष असलेले 50 लाखांहून अधिक लोक नोंदले गेले. तरीही आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांत त्यांची भाषा नाही.

सरकारला जाब विचारूच, पण आधी स्वतःला विचारू. आपली मातृभाषा उर्दू की मराठी, यावर आपण तासन्‌तास वाद घालतो. त्या बैठकीत दुभाषी किती वेळा असतो? घरात कर्णबधिर मूल असूनही किती आईवडील, किती भावंडं त्याची भाषा शिकतात? हक्कांची भाषणं करायची आणि घरातल्याच माणसाला जेवणाच्या ताटावर एकटं पाडायचं, हा दुटप्पीपणा आहे.

मी वयाच्या तिशीत शिकायला लागलो. हात अडखळतात, भुवया विसरतात. बहीण हसते आणि दुरुस्त करते. मोजा माळ्यावर पडून आहे.