हसदेवकाठचा शिंपला कोणाचा?

छत्तीसगडमध्ये मनेंद्रगडजवळ हसदेव नदीच्या काठी सागरी जीवाश्मांचे उद्यान आहे. सुटीच्या दिवशी एखादे कुटुंब तेथे येते. आईवडील कातळावर टेकतात आणि मुले दगडांत शिंपल्यांचे ठसे शोधू लागतात. एखादा ठसा सापडला की प्रश्न ठरलेला असतो : ‘हा घरी नेऊ का?’ त्याला ‘नाही’ हेच उत्तर योग्य आहे. पण तेवढ्यावर थांबणे योग्य नाही.

आज समुद्र या जागेपासून शेकडो किलोमीटर दूर आहे. सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी मात्र हिमयुगाचा बर्फ वितळून सागराची पातळी वाढली आणि त्याचा एक फाटा येथवर शिरला. त्या थंड पाण्यातल्या यूरिडेस्मा नावाच्या शिंपल्याचे जीवाश्म ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण आफ्रिकेतही मिळतात. ही भूखंडे एकेकाळी सलग होती, याचा तो एक पुरावा. त्या महाखंडाला नावही मध्य भारतातल्या गोंडवनावरूनच मिळाले. १९५४ साली भूवैज्ञानिक एस. के. घोष यांनी या सागरी थरांची नोंद केली. आज ही जागा राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे.

दगड उचलून नेला तर दगड हाती येतो, पुरावा मात्र नाहीसा होतो. शिंपला कोणत्या थरात होता, त्याची दोन्ही शकले जुळलेली होती की सुटी, त्याच्या शेजारी कोणते जीव होते, यांवरून तो जगला तेथेच गाडला गेला की लाटांनी वाहून आणला, हे कळते. घरातल्या कपाटात ठेवलेला शिंपला यांपैकी काहीच सांगू शकत नाही.

म्हणून कुंपण घालून लोकांना दूर ठेवावे काय? मध्य प्रदेशच्या धार जिल्ह्यातील पाडल्या गावात ज्या गोल दगडांची ‘काकड भैरव’ म्हणून पूजा होत असे, ती डायनासोरची अंडी असल्याचे २०२३ मध्ये समोर आले. ती टिकली ती कोणत्याही कायद्याच्या धाकाने नव्हे, तर गावाने त्यांना आपले मानले म्हणून.

कायदा अर्थातच हवा. भूवारसा स्थळांच्या जतनासाठीच्या विधेयकाचा मसुदा केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये हरकती-सूचनांसाठी खुला केला. त्याने सारे अधिकार भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या हाती एकवटतील, असा आक्षेप संशोधकांनी घेतला. अधिकार कोणाचा, या वादात नदीकाठी वाकून पाहणाऱ्या त्या मुलाचा विचार कुठेच होत नाही.

खरे तर त्याच्यासाठी फार खर्च लागणार नाही. प्रत्येक जीवाश्म उद्यानात मुलांच्या हाती एक भिंग आणि एक नोंदपत्रिका द्यावी. ठसा दिसला की शेजारी नाणे ठेवून छायाचित्र घ्यायचे, जागा लिहायची, दगड मात्र जागीच ठेवायचा. ती नोंद उद्यानाच्या रक्षकामार्फत भूवैज्ञानिकांपर्यंत जावी आणि उपयोगाची ठरली, तर शोधणाऱ्याचे नाव तिच्यासोबत कायम राहावे.

दर पावसाळ्यात नदीचे पाणी काठ झिजवते, नवे ठसे उघडे पाडते आणि जुने पुसूनही टाकते. ते वेळेवर टिपायला मूठभर तज्ज्ञ पुरणार नाहीत. रिकाम्या हाती, पण नोंदवहीत आपले नाव ठेवून परतलेले मूल त्या काठाचे राखणदार होईल. नुसते ‘हात लावू नकोस’ ऐकून परतलेले मूल पुन्हा तिकडे फिरकणारही नाही.