कलम ३९ ची आठवण कोणाला आहे?

ऑगस्ट २०२५ मध्ये काशीमीरा परिसरात मेफेड्रोनसह झालेल्या एका अटकेचा माग काढीत मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलिसांची गुन्हे शाखा पुढच्याच महिन्यात तेलंगणातील चेर्लापल्लीच्या कारखान्यापर्यंत पोहोचली. या कामगिरीबद्दल पोलिसांचे अभिनंदन केलेच पाहिजे. परंतु विष बनवणारा गजाआड गेला, म्हणून विष घेतलेला बरा होत नाही. काशीगावातील एखाद्या विशीतल्या मुलाच्या खिशात ग्रॅमभर 'एमडी' सापडली, तर त्याला कोणत्या रांगेत उभे करायचे? विक्रेत्यांच्या की रुग्णांच्या?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या कायद्यातच आहे. अमली पदार्थविषयक १९८५ च्या अधिनियमातील कलम ३९ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनाधीन व्यक्तीला न्यायालय लगेच शिक्षा न सुनावता, तिच्या संमतीने, शासनमान्य केंद्रात उपचारांसाठी पाठवू शकते. मेफेड्रोनच्या बाबतीत हे अल्प प्रमाण २ ग्रॅमपर्यंत आहे. कलम ६४-अ तर स्वेच्छेने उपचार घेणाऱ्यास खटल्यापासूनही संरक्षण देते; मात्र उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते.

'हे लाड कशासाठी?' असे कोणी विचारील. हे लाड नव्हेत. बंधपत्र लिहून द्यावे लागते, एक वर्षाच्या आत उपचारांचा अहवाल घेऊन न्यायासनापुढे उभे राहावे लागते. अहवाल समाधानकारक असेल तरच समज देऊन, तीन वर्षांपर्यंतच्या बंधपत्रावर सुटका होते. वचन मोडणाऱ्यासाठी शिक्षा तशीच उभी असते. अमेरिकेत मायामी येथे १९८९ मध्ये याच तत्त्वावर स्वतंत्र न्यायालय सुरू झाले. आपल्या कायद्यात ही तरतूद त्याच्या चार वर्षे आधी आली. पण ती कागदावरच राहिली. पंजाबातील २०१३ ते २०१५ मधील खटल्यांचा 'विधि' या संस्थेने केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. न्यायालयाने उपचारांसाठी पाठवलेली एकही व्यक्ती त्यात आढळली नाही.

असे का होते? आरोपीला हे कलम ठाऊक नसते आणि घरचे लोक लाजेपोटी व्यसन लपवतात. दंड भरून प्रकरण मिटवणे सर्वांनाच सोयीचे वाटते. दंड बाप भरतो आणि मुलगा त्याच नाक्यावर परततो.

मार्च २०२५ मध्ये मीरा रोड येथे न्यायालय सुरू झाले. त्यामुळे काशीगावच्या कुटुंबाला अशा लहान गुन्ह्यांसाठी ठाण्याला खेपा घालण्याचे कारण उरू नये. वकिलांनी येथे कलम ३९ चा अर्ज आग्रहाने करावा. विधी सेवा प्राधिकरणाची मदत विनामूल्य मिळते आणि व्यसनपीडितांसाठी राष्ट्रीय प्राधिकरणाची योजनाही आहे. शासनाने मान्यताप्राप्त केंद्रांची यादी न्यायालयाच्या हाती द्यावी. उपचार म्हणजे काय, हे पुण्याच्या 'मुक्तांगण'ने १९८६ पासून दाखवून दिले आहे. व्यसनी माणसाबरोबर त्याच्या कुटुंबालाही सावरावे लागते, हा तेथील अनुभव आहे.

मात्र न्यायाधीश आदेश देऊ शकतात; तारखेला मुलाचा हात धरून त्याला नेणारे कोणीतरी लागते. ते काम शेजाऱ्यांचे, कार्यकर्त्यांचे, आपले आहे. विक्रेत्याला दया नको. पण आपल्याच वस्तीतल्या आजारी मुलाला आपण टाकून दिले, तर त्याला जवळ करायला तोच विक्रेता टपून बसलेला आहे, हे विसरता कामा नये.