शब्दांची शिदोरी : 'शेडी'



या वेळचा इंग्रजी शब्द आहे 'शेडी'. शेंडी नव्हे, पण शेडी माणूस शेवटी आपल्याला शेंडीच लावतो, म्हणून मुलांना तो लक्षात ठेवायला सोपा!

'शेड' म्हणजे सावली. त्यावरून झालेल्या या विशेषणाचे अर्थ दोन. 'शेडी ट्री' म्हणजे दाट सावलीचे झाड. 'शेडी डील' म्हणजे संशय यावा असा, लपूनछपून केलेला व्यवहार. झाडाची सावली सुखाची. व्यवहाराला मात्र उजेडच हवा.

शब्द जपून वापरावा. 'इल्लीगल' म्हणजे बेकायदेशीर. 'शेडी' म्हणजे नुसते संशयास्पद. गुन्हा सिद्ध झाला असा त्याचा अर्थ नाही. ज्यांच्या सावलीचाही एकेकाळी विटाळ मानला गेला, त्या आपण तरी कुणाचा रंग किंवा कपडे पाहून त्याला शेडी म्हणू नये. माणसाची वागणूक पाहावी.

आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. गावोगावी महार वतनाच्या जमिनी आहेत. वतनाची गुलामी मोडावी म्हणून बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक मांडले. पुढे 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली. त्या कायद्याखाली नव्या शर्तीवर परत मिळालेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. तरीही कुणी दारी येतो, थोडा विसार हातावर ठेवतो आणि म्हणतो, "आजी, इथं अंगठा द्या, भावकीला सांगू नका." कागद निघतो कुलमुखत्यारपत्राचा! हा व्यवहार शेडी. पुण्यातील मुंढव्याच्या महार वतन जमिनीचा व्यवहार 2025 साली राज्यभर गाजला, तेव्हा असे प्रश्न शहरातही आहेत हे सर्वांनी पाहिले.

म्हणून तीन गोष्टी पाळाव्यात. कोऱ्या कागदावर सही-अंगठा देऊ नये. सातबारा आणि फेरफार काढून घरातल्या शिकलेल्या मुलीकडून किंवा मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावा. आणि "कुणाला सांगू नका" म्हणणाऱ्याला "उद्या चार माणसांसमोर बोलू" असे सांगावे. सरळ माणूस दुसऱ्या दिवशीही येईल.

न दिलेले घेऊ नये, हे आपले दुसरे शील. फसवून घेतलेला अंगठा म्हणजे दिलेले दान नव्हे. आणि हे शील आपल्यालाही लागू आहे : बहिणीचा हिस्सा तिला न सांगता कागदावरून उडवणारा भाऊसुद्धा शेडीच!