जारचं बिल दर महिन्याला, पाण्याची तपासणी कधीच नाही!

मित्रांनो, मे महिना तोंडावर आलाय. जळगावात पारा 45 च्या आसपास गेला की आपल्या पोस्टी सुरू होतात, 'पाणी भरपूर प्या'. पण कोणतं पाणी? आज त्यावर थोडं बोलू.

गेल्या आठवड्यात एका तालुक्याच्या ठिकाणच्या सरकारी कचेरीत गेलो होतो. दारात जार, जारवर साखळीने बांधलेला एकच ग्लास. बाहेरगावाहून दाखल्यासाठी आलेली एक आजी पाणी प्यायली, मागोमाग तिची नात. सहज शिपायाला विचारलं, "भाऊ, हे पाणी कुठून येतं?" तो म्हणाला, "गाडीवरून." एवढंच त्याला माहीत. खिशात टीडीएस मीटर होतं. जारच्या पाण्यात बुडवलं तर 900 च्या वर आकडा. त्याच इमारतीच्या नळाला लावलं तर अडीचशेच्या आत. म्हणजे बोअरचं पाणी नुसतं गार करून विकत आणलं होतं आणि त्याहून कमी क्षारांचं घरचं पाणी बेसिनला सोडलं होतं!

गार म्हणजे शुद्ध, हा आपला सगळ्यात मोठा गैरसमज. थंडीने जंतू मरत नाहीत, फक्त वाढ मंदावते. सीलबंद बाटलीला नियम आहेत, परवाना आहे. सुट्या जारला सील नाही, तारीख नाही. आतून जार कधी घासला, विचारायची सोय नाही.

आता हिशोब. रोज 5 जार, जारला 30 रुपये, वर्षाचे 300 दिवस. झाले 45 हजार. दरवर्षी. एवढ्या पैशात दीड-दोन वर्षांत नळाला जोडलेला, फिल्टरवाला स्टीलचा कुलर येतो, वर देखभालीलाही पैसे उरतात. मग घेत का नाहीत? जारचं बिल किरकोळ खर्चात बसतं, कुलरसाठी प्रस्ताव लागतो. खरं कारण हे.

पण म्हणून उठून कुठलाही कुलर घेऊ नका. विक्रेता येतो, पाण्यात दोन सळ्या घालतो, करंट देतो आणि पाणी तपकिरी करून दाखवतो. "बघा साहेब, काय पिताय!" अहो, तो रंग त्याच्या लोखंडी सळीचा असतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, सळी झिजते. आरओच्या पाण्यात क्षार फारच कमी, म्हणून ते स्वच्छ दिसतं. जंतूंबद्दल हा प्रयोग काहीच सांगत नाही.

भारतीय मानकात (आयएस 10500) पिण्याच्या पाण्याचा टीडीएस 500 पर्यंत असावा असं आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. जळगावला वाघूरचं, धुळ्याला तापीचं आणि नकाण्याचं पाणी येतं. ते धरण-तलावाचं पाणी. आकडा 500 च्या आत असेल आणि तपासणीत दुसरा दोष नसेल तर आरओ कशाला? गाळ अडवणारा फिल्टर, कार्बन आणि यूव्ही किंवा यूएफ पुरे. आरओ एक लिटर देताना दोन-तीन लिटर गटारात सोडतं. ज्या धुळ्याने आठ-आठ दिवस नळाची वाट बघितली, तिथे हे परवडतं का? बोअर असेल, क्षार किंवा नायट्रेट जास्त असेल, तर मात्र आरओच घ्या आणि सुटलेलं पाणी फरशी पुसायला, संडासाला वापरा. यूव्हीला वीज लागते, लाइट गेली की तो दिवा विझतो. यूएफला नळाचा दाब असला तरी चालतं. भारनियमन ज्यांच्या नशिबी आहे त्यांनी हे आधी बघावं.

आणि आपल्याकडे 'नळाला जोडलेला' म्हणजे प्रत्यक्षात टाकीला जोडलेला, बरं का. पाणीच रोज येत नाही. मग टाकीत चार बोटं गाळ आणि खाली हजारोंचा फिल्टर, उपयोग काय? आधी टाकी धुवा, झाकण लावा, वर सावली करा. गच्चीवरची काळी टाकी दुपारी हात भाजते. ते पाणी गार करताना कॉम्प्रेसरचा जीव जातो.

कुलर घेताना पाटीपेक्षा करारपत्र बघा. फिल्टर कोण बदलणार, किती दिवसांनी, अर्थिंग केलंय का. ओल्या हाताने नळ धरायचाय, हे विसरू नका. आपल्याकडे चौकाचौकात देणगीदाराचं नाव चकचकीत आणि तोट्या गायब, असे कुलर उभे आहेत. देणगीदार चुकला नाही, पण त्याने यंत्र दिलं, माणूस कोणीच दिला नाही. वर्षातून दोनदा तरी पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत द्या आणि अहवाल कुलरवरच चिकटवा.

1948 च्या कारखाना कायद्यातच लिहिलं होतं, पिण्याचं पाणी संडास-मुतारीपासून 6 मीटर लांब हवं आणि अडीचशेच्या वर कामगार असतील तर उन्हाळ्यात ते गार हवं. कामगाराला तेव्हा दिलेला हक्क दाखल्याच्या रांगेतल्या आजीला अजून का नाही?

आखाजीला आपण पितरांसाठी घागर भरतो. ती घासून-पुसून, चांगल्या पाण्याने भरतो. गेलेल्यांसाठी एवढी काळजी घेणारी माणसं आपण, जित्यांसाठी नको?

उद्या ऑफिसात, शाळेत, बँकेत, स्टँडवर जाल तेव्हा एकच प्रश्न विचारा, "फिल्टर शेवटचा कधी बदलला?" काय उत्तर मिळालं ते खाली लिहा. पटलं तर पुढे पाठवा.