पाइप का वाजतो?

होस्टेलच्या तक्रारवहीत ‘पाइप वाजतो’ एवढंच लिहून आपण मोकळे होतो. माझं म्हणणं, केव्हा वाजतो तेही लिहावं. निम्मं निदान तिथंच होतं.

नळ झटकन बंद केल्यावर ‘धाड्’ आवाज आला, तर तो वॉटर हॅमर. रशियन शास्त्रज्ञ झुकोव्हस्कीने १८९८ साली त्याचं गणित मांडलं. लांब लोखंडी पाइपातून सेकंदाला १ मीटर वेगाने येणारं पाणी एकदम अडवलं, की दाब सुमारे १२ बारने उसळतो! १० मीटर उंचीवरची टाकी जेमतेम १ बार देते. म्हणून नळ सावकाश फिरवावा.

नळ अर्धवट उघडल्यावर घरघर होत असेल, तर बहुतेक वायसर सैल. पाणी सुटताना गुरगुर झाली, तर आत हवा. पाइप भिंतीवर थडथडत असेल, तर क्लॅम्प ढिला.

दुर्लक्ष केलं की जॉइंट गळतात, पाणी वाया जातं. इथं अक्कलकुव्यात, सातपुड्याच्या पाड्यांवर बायाबापड्या डोक्यावर हंडे वाहतात. त्यांच्या शेजारी राहून आपल्याला हे शोभत नाही. रेक्टरसरांना विनंती, तक्रारवहीत ‘आवाज केव्हा?’ हा रकाना आखाच.